पालिकेचे तरण तलाव: पोहायला कोणाला मिळतं?

मुंबईत पोहायला शिकायचं तर जागा तीनच. क्लब-जिमखान्याचा तलाव, टॉवरच्या पोडियमवरचा, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीतला, तलाव आणि महापालिकेचा तलाव. पहिल्या दोन ठिकाणी आधी सभासद किंवा फ्लॅटमालक असावं लागतं. तिसरा सगळ्यांसाठी आहे, निदान नियम तसं सांगतो. दादरचा महात्मा गांधी स्मारक तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव, कांदिवली पश्चिमेचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव, अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल ही त्यातली जुनी आणि माहितीतली नावं. गेल्या काही वर्षांत दहिसर, मालाड, विक्रोळी, वरळी अशा ठिकाणी नवे तलावही सुरू झाले. हे परीक्षण या सगळ्या सेवेचं आहे. पाणी कसं, शिकवणं कसं हे त्यात आलंच, पण आमचा भर फाटकावर आहे: आत कोण येतं आणि बाहेर कोण राहतं.

नोंदणीपासून सुरुवात करू. सभासदत्व ऑनलाइन आहे. पोर्टलवर नाव, वय, पत्ता, फोटो आणि ओळखपत्र टाकायचं, तलाव आणि वेळ निवडायची, पैसे तिथेच भरायचे. डॉक्टरचा फिटनेस दाखला लागतो. त्यावर सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तिन्ही हवेत. यातलं एक नसलं तरी अर्ज परत येतो. त्वचारोग, फिट येणं, कान वाहणं याबद्दल डॉक्टरने स्पष्ट लिहिलेलं असलं की काउंटरवर प्रश्न उरत नाहीत. एक बॅच साधारण पाऊण तासाची. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतरच्या जागा आधी संपतात, कारण नोकरी करणाऱ्याला तेवढाच वेळ मोकळा असतो. म्हणून नोंदणी सुरू होण्याआधीच फोटो आणि कागद मोबाइलमध्ये कमी आकाराचे करून ठेवा, आणि दुसरी पसंती कोणती हेही ठरवून ठेवा.

पहिली गाळणी इथेच लागते. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलीला अर्ज दिसतो तो रात्री, आणि तोपर्यंत सोयीच्या वेळा गेलेल्या असतात. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देतो, पण ओटीपी वडिलांच्या फोनवर जातो. हा अडथळा कोणी मुद्दाम उभा केलेला नाही. तरी तो रोज काम करतो, आणि एकाच प्रकारच्या माणसाला अडवतो. उपाय अवघड नाही. प्रत्येक बॅचमधल्या ठराविक जागा काउंटरवर, कागदी अर्जावर द्यायच्या, तेही रविवारी.

दुसरी गाळणी पैशांची. खासगी क्लबशी तुलना केली तर पालिकेची फी फारच कमी आहे, हे मान्यच करायला हवं. लहान मुलं, ज्येष्ठ, दिव्यांग आणि महिलांना सवलतही आहे. पण ही सवलत वय, लिंग आणि शरीर बघते, मिळकत बघत नाही. हिंदू कॉलनीतल्या तीन बेडरूमच्या घरातली दहा वर्षांची मुलगी आणि धारावीत जरीकाम करणाऱ्याची दहा वर्षांची मुलगी, दोघींना दर एकच. शिवाय वर्षाचं सभासदत्व घ्यायचं तर पैसे एकदम भरायचे. हातावर पोट असलेला माणूस रोजचे वीस-तीस रुपये काढू शकतो, पण महिन्याच्या रेशनच्या वरची रक्कम एका दिवशी काढू शकत नाही. एकूण रकमेपेक्षा ती एकरकमी असण्याची अडचण मोठी आहे. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही सवलतीचा दर असतो. कंत्राटी कामगाराच्या कुटुंबाने ती आपल्याला लागू होते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं. आणि कोणत्याही वर्षाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून घेऊ नका. दर बदलतात, पोर्टलवर आणि तलावाच्या फलकावर असतो तो खरा.

फीच्या वर सामान येतं. नायलॉनचा कॉस्च्युम साधारण तीनशे ते सहाशे, सिलिकॉन टोपी दीडशेपासून, बरा गॉगल अडीचशेपासून पुढे. वाढत्या मुलाचा कॉस्च्युम वर्षात आखूड होतो. दोन मुलं असली की हा खर्च बराच वाढतो.

कॉस्च्युमचा नियम मात्र योग्य आहे, आणि कुठल्याही कारणाने तो सैल करू नये. सुती चड्डी किंवा टी-शर्ट पाण्यात धागे सोडतात. ते पंपाच्या आधीच्या जाळीत अडकतात, जाळी तुंबली की पाण्याचा वेग पडतो, आणि फिल्टरला पुरेसं पाणी मिळत नाही. कच्चा रंगही सुटतो. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा आणि पायांपर्यंतचा नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख मिळतो, त्याने पाण्याचं काही बिघडत नाही. बॅच घेण्याआधी आपल्या तलावावर तो चालतो ना, एवढं विचारून घ्या. महिलांची वेगळी बॅच आहे का, हेही त्याच वेळी. अनेक घरांत मुलगी पाण्यात उतरेल की नाही, हे या दोन उत्तरांवर ठरतं. प्रत्येक तलावाने धुतलेले पंचवीस-तीस कॉस्च्युम नाममात्र भाड्याने ठेवले, तर नियम न मोडता दार रुंद होईल.

आता पाणी. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल असा तलाव धरला, तर त्यात अडीच हजार घनमीटर, म्हणजे पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. सहा तासांत सगळं पाणी एकदा वाळूच्या फिल्टरमधून जायचं असेल, तर पंपाने तासाला चारशे घनमीटरच्या वर पाणी ओढायला हवं. मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं असलेलं क्लोरीन, लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ असावा. एवढ्या पाण्यात क्लोरीन एक मिलिग्रॅमने वाढवायचं तर अडीच किलो शुद्ध क्लोरीन लागतं, म्हणजे तेहतीस टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण साडेसात किलो.

डोळे चुरचुरले की लोक म्हणतात, आज क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवीतला अमोनिया क्लोरीनशी जोडला गेला की क्लोरामाइन तयार होतं. उग्र वास त्याचा, आणि चुरचुर त्याची. म्हणजे कामाचं क्लोरीन संपलेलं असतं. पिवळा रंग देणारं साधं टेस्ट किट एकूण क्लोरीन दाखवतं. रंग गडद दिसला तरी मुक्त क्लोरीन कमी असू शकतं. ते बघायचं तर डीपीडी गोळीची चाचणी हवी. तुम्हाला काठावरून करता येण्याजोगी तपासणी एकच: सर्वांत खोल भागाच्या तळाची जाळी स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर पाण्यात उतरू नका. वास कसाही असो, बुडणारा माणूस जीवरक्षकाला दिसणार नाही. पावसाळ्यात हे विशेष बघा. पावसाच्या पाण्याने क्लोरीन पातळ होतं, पीएच हलतो आणि दोन-तीन दिवसांत भिंतीला शेवाळ धरतं.

इतक्या बारकाव्यात शिरायला कारण आहे. फी कमी करा, महापालिका शाळेतल्या मुलांना बॅच द्या, असा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तसली मुलं आली की पाणी खराब होतं." आम्ही याचं उत्तर पाण्याच्या हिशोबातच देतो. पाणी खराब होतं ते न धुतलेल्या अंगाने. केसांचं तेल, सेंट, सनस्क्रीन, जिममधून थेट आलेल्या माणसाचा घाम, कडेला धरून केलेली लघवी, हे सगळं सारखंच क्लोरीन खातं. उतरण्याआधी साबण लावून दोन मिनिटं शॉवर घेतला, तर यातलं बरंचसं नाल्यात जातं. मग प्रश्न राहतो की चालू शॉवर किती, तिथे साबण आहे का, आणि शॉवर न घेता कोणी पुढे गेलं तर परत पाठवायला माणूस आहे का. कपडे बदलण्याच्या जागेपासून काठापर्यंतची वाट शॉवरखालूनच जाते, तिथे नियम आपोआप पाळला जातो. शॉवर एका बाजूला आणि वाट दुसऱ्या बाजूला असेल, तर पाटी कितीही मोठी लावा, निम्मे लोक कोरडेच उतरतात.

आणि 'तसली मुलं' हे शब्द महाराष्ट्रात पाण्याच्या काठावर उभं राहून बोलावेत असे नाहीत. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव आणला, तो सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा होता. तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सरकारी पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागांच्या वापराबाबत भेदभावाला बंदी आली, ती या अनुभवातून. दादरचा तलाव एस. के. बोले रोडपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, चैत्यभूमीही तिथून लांब नाही. जातीच्या नावाने आज कोणी फाटकावर अडवत नाही. पण दार उघडं असूनही त्याच वस्त्या बाहेर राहत असतील, तर त्याचं कारण पालिकेनेच शोधायला हवं.

या शहरात खेळाच्या जागेवरून भांडण नवं नाही. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, गोऱ्यांसाठी काढलेला. १८८० च्या दशकात एस्प्लनेड मैदानावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं जिथे क्रिकेट खेळत, तिथेच जिमखान्याचे साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडायची. एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. खेळणारे आम्ही एवढे सगळे, आणि मैदान मूठभरांच्या पोलोसाठी का, हा त्यांचा सवाल होता. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ मध्ये याच जिमखान्यावर झाला, आणि भारतीयाला तेव्हा तिथलं सभासदत्व नव्हतं. ब्रीच कँडीच्या स्विमिंग बाथमध्ये अखंड भारताच्या नकाशाच्या आकाराचा तलाव आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं त्यात भारतीयांना उतरता येत नव्हतं. गव्हर्नर विलिंग्डन यांनी गोरे आणि भारतीय दोघांसाठी क्लब काढला खरा, पण १९८८ मध्ये त्याच विलिंग्डन क्लबने एम. एफ. हुसेन अनवाणी आहेत म्हणून त्यांना आत घेतलं नाही. रंगाची अट गेली, पायताणाची राहिली.

आपल्यातलंही सांगायला हवं. पळवणकर बाळू हे इंग्रजी राजवटीतले अव्वल डावखुरे गोलंदाज. हिंदूंचा संघ त्यांच्या जिवावर सामने जिंकायचा, पण चांभार म्हणून पुण्यात त्यांना चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. कर्णधारपद त्यांना दिलंच नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं. खेळू देणं आणि बरोबरीने बसू देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजही सुविधा तपासताना दोन्ही बघाव्या लागतात.

पोडियमवरच्या तलावांबद्दल थोडक्यात. झोपडपट्टी पुनर्वसनात एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात, पुनर्वसनाची आणि विक्रीची. पुनर्वसनाच्या इमारतीला बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटीचं ऑफिस मिळतं. तलाव, जिम, बाग विक्रीच्या बाजूला, मध्ये भिंत, फाटकं वेगळी. विक्रीच्या इमारतीतले लोक म्हणतात की देखभाल आम्ही भरतो. तलावापुरतं ते खरं आहे. मोकळ्या जागेचं तसं नाही. मंजूर नकाशात आरजी, म्हणजे करमणुकीची मोकळी जागा, कुठे आणि कोणासाठी दाखवली आहे ते बघा. ती संपूर्ण लेआउटची असेल, तर पुनर्वसनातल्या रहिवाशांचाही तिच्यावर हक्क आहे आणि भिंत प्रश्नात येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात किमान आवश्यक आरजी पोडियमवर नव्हे, जमिनीवर हवी असं सांगितलं. त्यानंतर नियमांत बदल झाले आहेत, म्हणून आपला नकाशा कोणत्या वर्षी मंजूर झाला ते आधी पाहा.

पालिकेचे काही भूखंड 'केअरटेकर' म्हणून संस्थांना दिले गेले आणि त्यावर सभासदत्वाचे क्लब उभे राहिले. लोकांच्या ओरड्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला देण्याच्या दत्तक धोरणाला स्थगिती दिली. अशा जागेच्या फाटकावर अडवलं तर वाद घालत बसू नका. भूखंडाचा करारनामा मागा. लोकांना किती भाग, किती वेळ, कोणत्या दराने खुला ठेवायचा, हे त्यातच लिहिलेलं असतं.

तलावांची तुलना करायची तर ती शिवाजी पार्कशीच. १९२५ मध्ये पालिकेने खुलं केलेलं हे मैदान सुमारे अठ्ठावीस एकरांचं आहे, आणि कट्ट्यावर बसायला किंवा भोवती चालायला ना फॉर्म ना दाखला. सकाळी सहाला तिथे माजी कसोटीपटू, बँकेतले साहेब, वॉचमनची ड्यूटी संपवून आलेला माणूस एकाच कडेने चालतात. क्रिकेटच्या नेटमध्ये शिरलात की चित्र बदलतं. तिथे कोचिंगची फी आहे, किटचे हजारो रुपये आहेत. तरी कडेला टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोरांना जागा आहे, आणि कोणी चांगला टाकत असेल तर नेटमधल्या सरांना तो दिसतो. तलावाला काच आणि भिंत असते. बाहेरच्या पोराला आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि आतल्या प्रशिक्षकाला बाहेरचं पोर दिसत नाही. तलावाच्या बाबतीत सवलत हाच एक रस्ता उरतो, तो यामुळे.

आमचे गुण असे: पालिका तलावांच्या पाण्याला आणि जीवरक्षकांना पाचपैकी साडेतीन, शिकवण्याला तीन, प्रवेशाला दोन. प्रवेशाचे गुण वाढवायचे असतील तर आपल्या वॉर्डात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दादरसाठी जी-उत्तर, अंधेरीसाठी के-पश्चिम, चेंबूरसाठी एम-पश्चिम, कांदिवलीसाठी आर-दक्षिण, मुलुंडसाठी टी. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. "गरिबांना प्रवेश का नाही" असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही. आकडे मागा: मागच्या वर्षी बॅचनुसार किती जागा, किती भरल्या, दुपारच्या किती रिकाम्या राहिल्या, पालिका शाळांना किती तास दिले, क्लोरीन आणि पीएचच्या नोंदवहीची प्रत. रिकाम्या दुपारचा आकडा हातात आला की त्या वेळेत पालिका शाळेची बॅच मागता येते, आणि जागा नाही हे उत्तर उरत नाही.

उन्हाळ्यात एकवीस दिवसांचं प्रशिक्षण असतं. सभासदत्व परवडत नसेल तर निदान हे धरा. पहिले तीन-चार दिवस श्वास आणि बुडबुडे, मग कडा धरून पाय मारणं, तरंगणं, फळी घेऊन सरकणं, शेवटच्या आठवड्यात हात आणि खोल पाणी. तीन दिवस चुकले तर मूल मागे पडतं, म्हणून गावी जायचं असेल तर त्या आधीची किंवा नंतरची बॅच घ्या. इथेही घरचा फरक आडवा येतो. सोसायटीत तलाव असलेलं मूल पहिल्याच दिवशी डोकं पाण्याखाली घालतं. चाळीतलं मूल मोरीत बालदी-मगाने अंघोळ करत आलेलं असतं, नाकातोंडावर सलग पाणी घेण्याची त्याला सवयच नसते. ते मान वर काढून धरतं, मान वर की कंबर खाली, आणि कंबर खाली गेली की तरंगता येत नाही. प्रशिक्षक म्हणतात घाबरट आहे. घाबरट नाही, त्याचा एक आठवडा कमी पडलाय.

तो आठवडा घरी भरून काढता येतो. बॅच सुरू होण्याच्या आठ दिवस आधी मोरीत बालदी काठोकाठ भरा. मोठं माणूस शेजारी हवंच, मुलाला बालदीपाशी एकटं सोडू नका. मुलाने तोंडाने श्वास घ्यायचा, कानापर्यंत चेहरा पाण्यात घालायचा, नाकातून सावकाश बुडबुडे सोडत पाचपर्यंत मोजायचं, चेहरा वर काढून पुन्हा तोंडाने श्वास. रोज दहा वेळा, पाण्यात डोळे उघडे. चौथ्या दिवसापासून आकडा आठवर न्या. वर आल्यावर चेहरा हाताने पुसू द्यायचा नाही, पाणी आपोआप ओघळू द्यायचं.